जेलीफिनमध्ये मराठी सिनेमांची पोस्टरं येत नाहीत, तेव्हा मी काय काय केलं

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, टीव्हीवरची इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण ती वाचायचा त्यांना कंटाळा आहे. सिनेमा ते चित्रावरून ओळखतात. तरुणपणी काही वर्षं ते टुरिंग टॉकीजबरोबर जत्रांमागून जत्रा फिरले. तंबू ठोकणं, मशीनवर रिळं चढवणं आणि दिवसा गावभर खळ लावून पोस्टरं चिकटवणं, सगळं केलेलं. मागच्या दिवाळीत मी घरातल्या झाडून सगळ्या व्हीसीडी-डीव्हीडी एका हार्ड डिस्कवर घेतल्या, जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आणि मोठ्या ऐटीत टीव्ही लावला. पडद्यावर ओळीनं करडे चौकोन. आबा चष्मा सरसावून म्हणाले, "सूनबाई, कागूद न लावताच खेळ लावलाय व्हय?"

त्यांच्या भाषेत पोस्टर म्हणजे कागूद.

१८० सिनेमांपैकी ६३ कोरे होते आणि दहा-बारांवर भलतीच चित्रं. ते सगळं निस्तरायला मला तीन रविवार लागले. पहिले दोन नुसते चुका करण्यात गेले, म्हणून हे लिहून ठेवतेय. मी दिवसभर टॅली बघणारी बाई, संगणकाची इंजिनीअर नाही. तेव्हा मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

जेलीफिन ठाऊक नसेल तर थोडक्यात: घरातल्या एका मशीनवर सिनेमे ठेवायचे आणि टीव्ही, मोबाइल, टॅब कुठूनही बघायचे. फुकट आहे, जाहिराती नाहीत. २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरमधून ते फुटून निघालं. तुमच्याकडे प्लेक्स किंवा कोडी असेल तरी खालचं बरंचसं लागू पडेल, फरक जिथे आहे तिथे सांगते.

आधी रोग कुठला ते बघा

कोरे चौकोन दिसायला सारखे, पण कारणं निरनिराळी. मी थेट सेटिंग्जमध्ये घुसले हीच चूक झाली. आधी वही घेऊन बसायला हवं होतं.

एखादा जगभर गाजलेला इंग्रजी सिनेमा लायब्ररीत टाकून बघा. त्याचंही पोस्टर येत नसेल तर सिनेमांची नावं तपासत बसू नका, घोळ इंटरनेटच्या वाटेवर आहे. इंग्रजीचं आलं आणि मराठीचं नाही, तर कोऱ्या सिनेमावर जाऊन बघा. तिथे कथानक, कलाकार, साल आलंय आणि फक्त चित्र नाही, तर सिनेमा ओळखला गेलाय आणि गाठ भाषेची आहे. कथानकही नाही आणि नावाच्या जागी फाइलचंच नाव तसंच्या तसं उभं आहे, तर सिनेमा ओळखलाच गेलेला नाही. माझ्याकडे हे तिन्ही प्रकार एकत्र नांदत होते.

इंटरनेटची वाट

जेलीफिन पोस्टरं आणतं ती मुख्यतः टीएमडीबी (द मूव्ही डेटाबेस) नावाच्या सिनेमांच्या माहितीकोशातून. २००८ पासून जगभरच्या लोकांनी हौसेनं भरलेला आहे. आपल्याकडे काही इंटरनेट सेवांवर या टीएमडीबीचा पत्ताच नीट मिळत नाही. मशीन विचारतं "हे घर कुठंय?" आणि उत्तर येतं भलतंच.

मला हे कसं कळलं, तर वैतागून. एका रात्री लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला (मोबाइलचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं) आणि जेलीफिनला पुन्हा शोधायला सांगितलं. दोन मिनिटांत वीसेक पोस्टरं धडाधड उतरली. परत घरच्या वायफायवर आले तर ठप्प.

खात्री करायची असेल तर सर्व्हरवर, म्हणजे जेलीफिन बसवलेल्या मशीनवर, टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडून एनएसलुकअप लिहा, एक जागा सोडून पुढे एपीआय डॉट दमूव्हीडीबी डॉट ऑर्ग (सगळं इंग्रजी अक्षरांत, द मूव्ही डीबी सलग). उत्तरात १२७.०.०.१ असा आकडा आला तर समजा की पत्ता विचारल्यावर कुणीतरी तुमच्याच घराकडे बोट दाखवलंय. तो आकडा म्हणजे तुमचंच मशीन. उपाय असा की डीएनएस बदलायचा, म्हणजे पत्ते सांगणारा माणूस बदलायचा. राउटरच्या किंवा सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला. माझा राउटर कंपनीनं कुलूप लावून दिलेला, तिथे काही बदलू देईना, म्हणून मी सर्व्हरवरच बदलला. मशीन एकदा बंद करून चालू केलं. तेवढ्यानं भागलं नाही तर डीएनएस एचटीटीपीएसवरून पाठवायची सोय चालू करा, मग मधला कुणी त्यात हात घालू शकत नाही.

मग लायब्ररीच्या तीन ठिपक्यांवर जाऊन रिफ्रेश मेटाडेटा (मेटाडेटा म्हणजे सिनेमाची माहिती आणि चित्रं). इथे जीव मुठीत धरून वाचा. यादीत तीन पर्याय आहेत. त्यातला मधला, सर्च फॉर मिसिंग मेटाडेटा, तो निवडायचा. नसलेलं तेवढंच आणतो. शेवटचा, रिप्लेस ऑल, हा झाडू आहे. मी चाळीसेक सिनेमे हातानं दुरुस्त करून ठेवले होते आणि "एकदा सगळंच ताजं करू" म्हणून तो दाबला. चहा घेऊन येईपर्यंत अख्खा रविवार पाण्यात.

नाव आणि साल

आता व्हीसीडीवाल्यांचं खास दुखणं. व्हीसीडी संगणकात घातली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात फाइल असते एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट. प्रत्येक व्हीसीडीवर हेच नाव. सिनेमा कुठलाही असो, तमाशाप्रधान असो की विनोदी, नाव एकच. वर एकेक सिनेमा दोन-दोन, तीन-तीन तबकड्यांचा. मी सुरुवातीला त्या तशाच उचलून फोल्डरांत टाकल्या होत्या. बिचाऱ्या जेलीफिनला त्यातून काय कळणार?

प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर करा. फोल्डरचं नाव: सिनेमाचं नाव, एक जागा, आणि गोल कंसात साल. आतल्या फाइलचंही तेच. दोन तबकड्या असतील तर नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन सीडी१, सीडी२ असं लिहा (इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत), म्हणजे दोन चौकोन न दिसता एकच दिसतो आणि पहिली संपली की दुसरी आपोआप लागते. डॅट फाइली मी एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं एमकेव्ही प्रकारात करून घेतल्या. चित्र होतं तेवढंच राहतं, ३५२ बाय २८८, त्यात सुधारणा होत नाही. पण टीव्ही कुरकुरत नाही.

सालाला कमी लेखू नका. "श्यामची आई" मी सालाविना ठेवला होता. आपला तो १९५३ चा, आचार्य अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. पण २०२३ साली त्याच नावाचा नवा सिनेमा आला, तोही कृष्णधवल, आणि जेलीफिननं त्याचं पोस्टर लावून टाकलं. मला दोन आठवडे पत्ता नाही. आबांनी एका नजरेत सांगितलं, "ही वनमाला न्हवं." (जुन्या सिनेमातली आई वनमालाबाईंनी केलेली.) फोल्डरच्या नावात १९५३ घातल्यावर सुतासारखा सरळ झाला.

सालाची दुसरी गंमत म्हणजे महोत्सवात गाजलेले सिनेमे. "कोर्ट" पहिल्यांदा दाखवला गेला २०१४ मध्ये व्हेनिसला, आपल्याकडे थिएटरात लागला २०१५ च्या एप्रिलमध्ये. "फँड्री" आपण बघितला फेब्रुवारी २०१४ मध्ये, पण महोत्सवांत तो २०१३ पासून फिरत होता. आपल्या आठवणीतलं साल आणि कोशातलं साल एकानं इकडेतिकडे असू शकतं. सापडत नसेल तर एक वर्ष मागे करून बघा. "कोर्ट"सारखं नाव तर कुठल्याही भाषेतल्या सिनेमाला असतं, तिथे सालाशिवाय धडगत नाही.

आणि स्पेलिंग! मराठी नावं इंग्रजीत लिहायची म्हणजे ज्याची त्याची मर्जी. "अशी ही बनवाबनवी" मध्ये डब्ल्यू की व्ही, एक शब्द की दोन? "श्वास"ला ए एक की दोन? "झपाटलेला"ची सुरुवात झेडनं की जेएचनं? डीव्हीडीच्या पाठीवर एक, पोस्टरवर दुसरं, कोशात तिसरंच. त्यावर माझा साधा उपाय असा: टीएमडीबीच्या साइटवर शोधताना सरळ देवनागरीत टंकते. मूळ नाव देवनागरीत भरलेलं असेल तर झटक्यात सापडतं. सापडलं नाही तर दिग्दर्शकाचं नाव टाकून त्याच्या सिनेमांच्या यादीतून हुडकते.

सिनेमाचं पान मिळालं की वर पत्त्याच्या पट्टीत मूव्ही या शब्दानंतर एक आकडा दिसतो. तो त्या सिनेमाचा कायमचा नंबर. तो टिपून घ्या आणि फोल्डरच्या नावाच्या शेवटी चौकोनी कंसात टीएमडीबीआयडी, आडवी रेघ, आकडा असं लिहा, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. यापुढे स्पेलिंग काहीही असो, जेलीफिन त्या नंबरावरच जातं. जे सिनेमे दोनदा चुकले त्यांना मी नंबर बांधून टाकला.

एखाद-दुसराच सिनेमा असेल तर फोल्डर न उघडताही होतं. सिनेमाच्या तीन ठिपक्यांत आयडेंटिफाय आहे, तिथे नाव-साल किंवा तोच नंबर घालायचा, समोर चित्रांसकट पर्याय येतात, बरोबर असेल त्यावर टिचकी. प्लेक्समध्ये यालाच फिक्स मॅच म्हणतात.

प्रभातच्या काळातले सिनेमे असतील तर निवडताना मूळ भाषा नक्की बघा. "कुंकू" १९३७ चा, त्याचाच हिंदी भाऊ "दुनिया न माने". "माणूस" १९३९ चा, हिंदीत "आदमी". व्ही. शांतारामांनी "पिंजरा"ही १९७२ ला मराठीत आणि नंतर हिंदीत काढला, तिथे तर नावही तेच. दोन्हींची पोस्टरं दिसायला सख्खी, आणि आबांसारखा माणूस घरात असेल तर चूक पचत नाही.

भाषेची गाठ

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. काही सिनेमांचं कथानक यायचं, कलाकार यायचे, चित्र तेवढं गायब. टीएमडीबीवर जाऊन बघावं तर पोस्टर तिथे चांगलं ठसठशीत हजर!

कारण असं. टीएमडीबीवर प्रत्येक पोस्टरला भाषेची चिठ्ठी लावलेली असते. चित्रावर मराठी अक्षरं आहेत म्हणून भरणाऱ्यानं मराठी अशी चिठ्ठी लावली. माझ्या लायब्ररीची भाषा होती इंग्रजी. मग माझ्याकडचं जेलीफिन काय करायचं, तर फक्त इंग्रजी चिठ्ठीची आणि बिनचिठ्ठीची चित्रं मागायचं. मराठी चिठ्ठीचं पोस्टर समोर असूनही ते त्याला हात लावत नव्हतं. सरकारी कचेरीत कागद टेबलावर असतो, पण आपल्या खिडकीचा नसतो, तसं.

डॅशबोर्डमध्ये लायब्ररीज, तिथे सिनेमांच्या लायब्ररीचे तीन ठिपके, मॅनेज लायब्ररी. त्यात प्रिफर्ड डाउनलोड लँग्वेज मराठी करा आणि देश भारत. मग पुन्हा तोच मधला पर्याय देऊन रिफ्रेश. माझी एकवीस पोस्टरं या एका बदलानं आली. वर नव्यानं ओळखल्या गेलेल्या काही सिनेमांची नावंही देवनागरीत उमटली, ते आबांना फार आवडलं. उलट बाजू अशी की त्यातल्या काहींचं कथानक आलंच नाही, कारण मराठीत ते कुणी लिहिलेलंच नाही. मला चाललं. "अशी ही बनवाबनवी"ची गोष्ट काय वाचून समजून घ्यायचीय!

इंग्रजी सिनेमांची लायब्ररी मात्र वेगळी ठेवा आणि तिची भाषा इंग्रजीच राहू द्या.

एकेकट्या सिनेमासाठी एडिट इमेजेस उघडा, भिंगावर टिचकी मारा, वर ऑल लँग्वेजेस अशी चौकट असते तिच्यात खूण करा. दडलेली सगळी चित्रं समोर येतात. कधी हिंदी चिठ्ठी लावलेलं मराठी पोस्टरही निघतं. देवनागरी दिसली की हिंदी, अशी समजूत असलेली माणसं जगात आहेत.

कुठेच नसेल तर स्वतःचं

एवढं करूनही सतरा सिनेमे उरले. कोशात पान आहे पण चित्र नाही, किंवा पानच नाही. म्हटलं, व्हीसीडी घरात आहे, तिच्यावर कव्हर आहे, मग रडायचं कशाला?

जेलीफिनला स्वतःचं चित्र द्यायचं ते सिनेमाच्या फोल्डरमध्येच ठेवून. नाव पोस्टर, छोट्या इंग्रजी अक्षरांत, आणि पुढे डॉट जेपीजी. बस. लायब्ररी स्कॅन केली की लागतं. कोडी आणि प्लेक्सलाही हेच नाव कळतं. एडिट इमेजेसमधून अपलोड करायचीही सोय आहे, पण मी ती वापरत नाही. तसं चढवलेलं चित्र सर्व्हरच्या पोटात जाऊन बसू शकतं, आणि उद्या सर्व्हर नव्यानं बसवला की गेलं. फोल्डरमधलं चित्र सिनेमाबरोबर राहतं, डिस्क कुठेही न्या. याच कारणासाठी मॅनेज लायब्ररीमध्ये सेव्ह आर्टवर्क इनटू मीडिया फोल्डर्स ही चौकटही चालू करून ठेवा, म्हणजे नेटवरून आलेली पोस्टरंसुद्धा फोल्डरातच उतरतात. 

पहिलं चित्र मी विंडोजच्या लॅपटॉपवरून ठेवलं. नाव बरोबर, जागा बरोबर, तरी लागेना. तासभर डोकं खाजवलं. शेवटी भाचा आला आणि म्हणाला, "मामी, याचं नाव पोस्टर डॉट जेपीजी डॉट जेपीजी झालंय." विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, मी आपलं ते पुन्हा हातानं लिहिलं आणि दोन शेपटं झाली. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. ही लपवाछपवी मुळात का करतात ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता स्कॅन कसं करायचं. पोस्टरचा आकार दोनास तीन हवा: रुंदी १००० पिक्सेल तर उंची १५००. डीव्हीडीच्या कव्हरची पुढची बाजू साधारण १३ सेंमी रुंद आणि १८.३ सेंमी उंच असते, म्हणजे दोनास तीनपेक्षा जरा रुंद. उंची तेवढीच ठेवून रुंदी १२.२ सेंमी करायची, दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर गेले. बहुतेक वेळा त्या काठांवर काहीच नसतं. नायकाची मूठ किंवा नायिकेचा पदर जाणार असेल तर एकाच बाजूनं आठ मिलिमीटर काढा.

स्कॅनरवर ठेवायच्या आधी कव्हर प्लास्टिकमधून बाहेर काढा, नाहीतर चकाकी येते. ३०० डीपीआयवर आकार भरपूर मिळतो, पण छापील कागदावर बारीक ठिपक्यांची जाळी असते, ती स्कॅनमध्ये लाटांसारखी उमटते. मी ६०० वर स्कॅन करते, स्कॅनरमध्ये डिस्क्रीन (ही जाळी घालवणारा पर्याय) असेल तर तो चालू करते, आणि नंतर गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये १५०० उंचीवर आणते. लहान करताना जाळी विरून जाते. मोबाइलनं फोटो काढणार असाल तर खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद, आणि फोन कव्हराला समांतर. आयफोन असेल तर फोटो हेइक प्रकारात जातो, तो आधी जेपीजी करून घ्या.

व्हीसीडीचं कव्हर मात्र चौकोनी, १२ बाय १२ सेंमी. ते ताणून उभं करू नका! मी एक केलं होतं. लक्ष्मीकांत बेर्डे बांबूसारखे लांबलचक झाले, आबा हसून हसून खोकायला लागले. चौकोन तसाच ठेवायचा, १००० बाय १०००. उरलेल्या ५०० च्या दोन पट्ट्या करायच्या, वर १५०, खाली ३५०. पट्टीचा रंग कव्हराच्या काठावरूनच उचला. गिंपमध्ये कलर पिकर म्हणून ड्रॉपरचं चित्र आहे, त्यानं नेमका रंग येतो. खालच्या पट्टीत सिनेमाचं नाव आणि साल. अक्षरांसाठी मी बलू वापरते, ते मुंबईच्या एक टाइप मंडळींनी केलेलं आहे, फुकट मिळतं, आणि दहा फुटांवरून वाचता येतं. बारीक, नाजूक फॉण्ट टीव्हीवर दिसत नाहीत. "अक्षार जाडजूड पायजे, बैलगाडीतनं जाणाऱ्याला वाचता आलं पायजे," हा आबांचा नियम, तो मी तंतोतंत पाळते.

तीन सिनेमांची कव्हरंही फाटून गेलेली. त्यांच्यासाठी आबांच्या ट्रंकेतून गाण्यांच्या चोपड्या निघाल्या. पूर्वी थिएटराबाहेर विकायला असत त्या, वर नटनटीचं चित्र, आत गाणी आणि कथासार, शेवटी "पुढील कथाभाग रुपेरी पडद्यावर पहा". त्यातलं एक मुखपृष्ठ तर एकाच रंगात छापलेलं, नुसत्या तपकिरी शाईत, आणि आमच्या अख्ख्या लायब्ररीत तेच सगळ्यात देखणं दिसतं. स्टेपलची पिन गंजली असेल तर ओढू नका, कागद पिनेच्या भोवती तुकडाच होऊन निघतो. चोपडी न उघडता वरचं पानच स्कॅन करा.

मॅनेज लायब्ररीमध्ये इमेज फेचर्सची, म्हणजे चित्रं आणणाऱ्यांची, यादी असते, तिच्यात स्क्रीन ग्रॅबर म्हणून एक आहे. काहीच मिळालं नाही की तो सिनेमातली एखादी फ्रेम काढून लावतो. माझ्याकडे त्यानं एका सिनेमाला कुणाचीतरी अर्धी पाठ आणि खुंटीवरचा सदरा लावला होता. मी तो बंदच केला. कोरा चौकोन परवडला, निदान काम बाकी आहे हे कळतं.

डिस्क लिहू देत नसेल तर

एकदा असं झालं की चित्रं टीव्हीवर दिसायची पण फोल्डरमध्ये उतरायचीच नाहीत. आमची डिस्क कधी विंडोजला, कधी लिनक्सच्या सर्व्हरला अशी फिरते. विंडोजमधून ती नीट इजेक्ट न करता उपटली, किंवा विंडोजचं फास्ट स्टार्टअप (झटपट सुरू व्हायची सोय) चालू असताना मशीन बंद केलं, तर लिनक्स अशा डिस्कवर विश्वास ठेवत नाही. फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही. डिस्क परत विंडोजला लावा, त्रुटी तपासून घ्या, फास्ट स्टार्टअप बंद करा, इजेक्ट करूनच काढा. तरीही लिहीत नसेल तर जेलीफिन या नावाच्या वापरकर्त्याला त्या फोल्डरवर लिहायची परवानगी आहे का ते बघा. बहुतेकदा नसते.

आणि चित्र बदललं तरी टीव्हीवर जुनंच दिसत असेल तर बिघाड काही नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जेलीफिन ॲपचं कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या नकला, साफ करा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एफ५. कोडी जास्त हट्टी आहे, तो चित्रांच्या नकला स्वतःच्या थंबनेल्स फोल्डरात साठवून ठेवतो. तिथे सिनेमावर चूझ आर्टमधून नवं चित्र निवडलं की ऐकतो.

दुरुस्त केलेल्या सिनेमाच्या एडिट मेटाडेटामध्ये अगदी तळाशी तो लॉक करायची चौकट आहे. हातानं केलेलं प्रत्येक काम तिथे कुलूपबंद करा. मी आता न चुकता करते.

जमलं तर चांगलं स्कॅन टीएमडीबीवरही चढवा. खातं फुकट आहे. पोस्टर कमीत कमी ५०० बाय ७५० लागतं, दोनास तीनच्या मापात, आणि चिठ्ठी मराठीची. वर आपलं नाव किंवा शिक्का मारू नका. पट्ट्या लावून केलेली घरगुती पोस्टरं मी तिथे देत नाही, ती आमच्या टीव्हीपुरती. पण अस्सल डीव्हीडी कव्हरांची सहा चित्रं दिली.

सगळ्यात शेवटी उरली होती आमच्या लग्नाची व्हीसीडी. तीही त्याच फोल्डरात पडली होती, "लग्न" एवढ्याच नावानं, आणि जेलीफिननं तिला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर लावलं होतं, पावसात उभी असलेली एक गोरी बाई. घरचे व्हिडिओ सिनेमांच्या लायब्ररीत ठेवूच नयेत, त्यांच्यासाठी होम व्हिडिओज अशी वेगळी लायब्ररी करता येते, तिथे कुणी ओळखायला जात नाही. तसं केलं. पण तिला पोस्टर काय द्यायचं? आबांनी कपाटातून लग्नपत्रिका आणून दिली. वर गणपती, हळदीचं बोट लागलेला कोपरा, खाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं". उंच आणि अरुंद, ९ बाय १८ सेंमी. दोन्ही बाजूंना लाल पट्ट्या लावून दोनास तीन केली.

"आता कागूद लागला," आबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. दोन तबकड्यांचा खेळ आहे, पहिली नुसती हळदीचीच.